मागच्या गल्लीतून

चौदा डिसेंबर, रविवार. दुपारी मी अंगणात सायकल पुसत होते, पण डोक्यात सकाळचेच घोळत होते.

औंधच्या स्टँडजवळ मेजरांचे सायकलदुरुस्तीचे दुकान आहे. फौजेतून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना मेजर म्हणतात. डोंगराकडे निघालेल्या प्रत्येक सायकलवाल्याला ते हातातला पाना आडवा धरून थांबवतात. "थांबा ताई! पानी? पंप? जादा टूब? दावा." नुसते सांगून भागत नाही, पिशवी उघडून दाखवावी लागते. काही राहिले असेल तर, "बॉर्डरवर असंच गेला असता व्हय?"

मला त्याचा कंटाळा आला होता. त्या सकाळी मी मागच्या गल्लीतून निघाले. यमाईच्या डोंगरामागे चाक पंक्चर झाले. पंप आणि टूब दोन्ही घरी राहिले होते. शेवटी फोन मेजरांनाच केला.

दुखरा गुडघा घेऊन ते चढ चढून आले. टूब बदलली, हवा भरली.

"मेजर, चुकलंच माझं."

"न्हाई वो. मीच लय इचारतो," ते म्हणाले. "गल्लीतनं जाताना बगितलं मी तुमाला."

ते रागावले असते तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानासमोर उतरले आणि त्यांनी विचारण्याआधीच मी माझी पिशवी उघडून पायरीवर ठेवली.

"जावा ताई, ऊन व्हायच्या आत," ते पिशवीकडे न बघता म्हणाले, आणि माझ्या मागून आलेल्या दोघांना त्यांनी थांबवले.

मी पिशवी बंद केली आणि चढाला लागले.