कूलरच्या टाकीतलं पाणी

बडनेरा स्टेशनजवळ सापडलेली मांजर आम्ही अकोल्याला घरी आणली. मे महिन्यात ती कूलरच्या टाकीतलं पाणी सारखी पिऊ लागली आणि वाळत गेली. आई म्हणाली, "उन्हानं माणसं वाळून राहिली, मांजरीचं काय घेऊन बसला?" मलाही ते पटलं. पावसाळ्यात कूलर माळ्यावर गेला, पण तिची तहान गेली नाही. तेव्हा कुठे आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. मूत्रपिंडं बरीचशी निकामी झाली होती. आता मी तिला कातडीखाली सलाईन देतो, आई पथ्याचं खाणं भरवते. वजन घटायचं थांबलं आहे. गेलेलं मात्र भरून येत नाही. परवा तिच्या हाडकुळ्या पाठीवरून हात फिरवत आई म्हणाली, "बाई, तू तवाच सांगून राहिली होती. आमाले उनच दिसलं."