कोरडी बोटं आणि काकांचा हात

दोन्ही बोटं पितळी पट्ट्यांवर दाबून धरली, तरी स्पीकर ढिम्म. अमडापूरच्या नव्या वाचनालयाचा हॉल भरत आला होता. सकाळी साउंडचेकला हेच वाद्य छान वाजलं होतं.

मी चिखलीची. मॉड्युलर सिंथेसायझर वाजवते. हे वाद्य म्हणजे एका डब्यात बसवलेली सुटी मॉड्यूल्स. एक सूर काढतं, दुसरं तो लहानमोठा करतं, तिसरं त्याला हेलकावे देतं. कोणतं कोणाला जोडायचं ते वायरी लावून ठरतं. त्याला पॅचिंग म्हणतात. माझ्या डब्यात काही वायरींच्या जागी पितळी पट्ट्या आहेत. एक बोट या पट्टीवर, दुसरं त्या पट्टीवर. मधली वायर म्हणजे मी. अंगातून जाणारा सिग्नल इतका बारीक की जाणवतही नाही. दाबलं की जास्त जातो, बोट सैल सोडलं की कमी.

त्या दिवशी गाणार होते दगडूकाका. उभी हयात भीमगीतं गायलेला माणूस. हात थरथरायला लागला तशी त्यांनी हार्मोनियम सोडली, आणि मग कार्यक्रमही. कीबोर्डच्या ठरलेल्या ठेक्यावर गाऊन पाहिलं, पण "ते मशीन माह्या दमासाठी थांबत नाही" म्हणाले. माझ्यासोबत तालीम केली तेव्हा कुठे पुन्हा स्टेजवर यायला तयार झाले.

वाचनालयाचे सचिव गवई सर धावत आले.

"मॅडम, काय होऊन राह्यलं?"

"पाहते, सर."

"कीबोर्डवाला बाहेर उभा आहे. बोलावू काय?"

"नको. थोडा वेळ द्या."

वायरी तपासल्या. सगळ्या जागेवर. मग दोन पट्ट्यांमध्ये साधी वायर लावली, तर खणखणीत सूर आला. म्हणजे वाद्य ठीक होतं. बिघाड माझ्या बोटांत होता.

सकाळी स्टेजवर कूलर चालू होता. माइकमध्ये त्याची घरघर येते म्हणून नंतर बंद केला. बाहेर रणरणतं ऊन, हवेत ओल नाही, माझी बोटं पापडासारखी कोरडी. कोरड्या कातडीतून सिग्नल जात नाही. बोटं पाण्यात बुडवली तर सूर आला, पण एक कडवं होईपर्यंतही टिकला नाही. जास्त पाणी घेतलं तर ते पट्ट्यांवर पसरलं आणि सगळे सिग्नल एकमेकांत मिसळले. पुसत बसले.

काका शेजारी उभे होते. उजवा हात उपरण्यात गुंडाळलेला.

"काका, हात दाखवा बरं."

"काऊन?"

"दाखवा तर."

तळवा घामानं ओला होता.

"गायाच्या आधी मले घाम फुटतेच," ते म्हणाले. "पहिल्यापासूनच."

"मग पट्ट्यांवर हात तुम्ही ठेवा."

त्यांनी हात झटकन मागे घेतला. "नाही, बाई. हात कापते माहा. लोकायले दिसन. त्याच्यासाठीच त हार्मोनियम सोडली म्या."

"हार्मोनियमला थरथर चालत नाही, काका. याला चालते."

मी तो सिग्नल सुरावर न जोडता आवाजावर जोडला, म्हणजे हात कितीही हलला तरी सूर बेसूर होणार नाही, फक्त लहानमोठा होईल. एकानं दुसऱ्याला असं हलवणं, यालाच मॉड्युलेशन म्हणतात. मग त्यांचा हात धरून पट्ट्यांवर ठेवला.

सूर आला, आणि डुलायला लागला. काकांनी तळवा दाबला, सूर फुगला. सैल केला, बसला.

"हे मी करून राह्यलो?"

"हाव. तुम्हीच."

त्यांनी डोळे मिटून त्या सुरात आपला षड्ज मिसळला. गवई सरांनी दारात आलेल्या कीबोर्डवाल्याला खूण करून ऐकायला बसायची खुर्ची दाखवली.

पहिलं कडवं काकांनी हातावर उपरणं टाकून गायलं. मी डब्यामागे बसून खुंट्या फिरवत होते, थरथर जास्त झाली की आवरत होते. दुसऱ्या कडव्यात त्यांनी उपरणं खांद्यावर फेकलं. तिसऱ्याला तर ऐन ओळीत हात उचलला. सूर थांबला, हॉल थांबला. त्यांनी निवांत दम घेतला आणि शब्दासोबत हात खाली ठेवला. पुढच्या रांगेतल्या बाया टाळ्या वाजवत उठल्या. त्या गलक्यात मला माझंच वाद्य ऐकू येईना.

आता आमचे कार्यक्रम असेच होतात. वायरी मी लावते, पट्ट्यांशी काका बसतात. माझी बोटं ओलसर असली तरी जागा सोडायला ते तयार नसतात.

धंद्यातली शिकवण साधी आहे. वाद्य बंद पडलं की आधी वाजवणाऱ्याला तपासावं. बरेचदा वाद्य नाही, वादक बदलावा लागतो.