शेजारचं पाणी

खाला घर बघायला गेली की घर बघायची नाही. मालकाचा माणूस कुलूप उघडत असायचा, तोवर ही शेजारचं दार वाजवून मोकळी. दार उघडलं की डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणायची, "बहन, थोडा पानी मिलेगा?" आणि मग पाणी कसं मिळतं ते बघायची. ग्लास विसळून आणला का तसाच, देणारी आत या म्हणाली का दारातच उभी राहून ही कधी जाते असं तोंड केलं. परत येऊन ती माणसाला सांगायची, घेतो किंवा नको. खोलीत तिनं अजून पाऊलही टाकलेलं नसायचं.

"भिंती समद्या सारख्याच," ती मला म्हणायची. "पोरगी तापानं फनफनली तर भिंत उठून येनार हाय का? शेजारीनच येनार."

हे सगळं शारजातलं. आमचे हे तिथं एसी दुरुस्तीच्या कामाला होते. मी लेकीला, सोनीला घेऊन काष्टीहून तिकडं गेले, तेव्हा ह्यांच्या बरोबरच्या एकानं आपली खोली आम्हाला राहायला दिली होती, कारण त्याची बायको-मुलं गावी गेली होती. ईद झाली की ती परत येणार होती. तोवर आम्हाला खोली मिळाली नाही तर ह्यांनी कामगारांच्या क्वार्टरमध्ये जायचं आणि मी सोनीला घेऊन माघारी काष्टीला, असं ठरलेलं होतं. सोनी तोवर बापाला मोबाईलमध्येच ओळखायची. विमानतळावर हे समोर आले तर ती माझ्या मागं लपली. आता कुठं त्यांच्या खांद्यावर झोपायला लागली होती, आणि परत जायची वेळ आली होती.

दिव्याच्या खांबांवर, दुकानांच्या काचांवर खोल्यांचे कागद चिकटवलेले असायचे, सगळे इंग्रजीत. मी चौथी शिकलेली, मला आकडे तेवढे कळायचे. हे कामावरून आले की फोन लावायचे. पलीकडून आधी विचारायचे, कुठले? मग विचारायचे, माणसं किती? लहान मूल आहे म्हटलं की खोली गेलेली असायची. कुणाला फक्त केरळचे लोक हवे असायचे, कुणाला एकटी नोकरी करणारी बाई. एका ठिकाणी एकाच खोलीत फळ्या ठोकून तीन बिऱ्हाडं केली होती आणि आमच्या वाट्याला खिडकी नसलेली बाजू येत होती. मला कुणाशी बोलता यायचं नाही. मी तोंडाला पदर लावून ह्यांच्या मागं उभी राहायचे.

खाला भेटली ती इमारतीखालच्या बाकावर. सोनी रडत होती, मी तिला समजावत होते, "रडू नको, आपण काष्टीला जाऊ, आज्जीकडं जाऊ." शेजारी बुरख्यातली एक जाडजूड बाई बसली होती. ती एकदम वळली.

"काष्टी? सिरीगोंद्याची का? बाजाराची काष्टी?"

मी नुसती मान हलवली.

"अगं मग बोल की! मी भिंगारची. नगरची." तिनं माझा हातच धरला. "या वाळवंटात काष्टीची पोरगी बसलीया आन् मला ठाव न्हाई! भाकरी खातीस का न्हाई? बाजरीचं पीठ हाय माझ्याकडं, नगरचं. हितलं खाऊ नगंस, त्याला चवच न्हाई."

तिचे मिया तिथं एका दुकानात कपडे शिवायचे. सारं आयुष्य तिकडं काढलं तरी तिचं नगर सुटलं नव्हतं. कशाचीही तुलना नगरशी. उन्हाबद्दल म्हणायची, "नगरचं ऊन मानसाला वाळवतं, हितलं शिजवतं. वाळलेलं बरं." आमची अडचण कळल्यावर दुसऱ्या दिवसापासून ती माझ्याबरोबर खोल्या बघायला निघाली. जाईल तिथं सांगायची, "मेरी भांजी है." एका ठिकाणचा माणूस माझ्या कुंकवाकडं बघत हसला आणि म्हणाला, भाचीच्या कपाळाला टिकली? खाला त्याला म्हणाली, "उसके माथे का किराया अलग लेगा क्या?" मी पदरातल्या पदरात हसले. त्या देशात मी पहिल्यांदाच हसले असेन.

तिची आणखी एक खोड म्हणजे आधी वाळत घातलेले कपडे बघायची. गॅलरीकडं मान वर करून सांगायची, "लंगोट दिसत्यात. हितं पोरं हायती. तुझी रडली तर कुनी वरडनार न्हाई." किंवा, "समदे इस्तरीचे सदरे. हितं नगं."

एक खोली मला फार आवडली होती. मोठी खिडकी, पांढरीशुभ्र फरशी, बाहेर बाग. ह्यांनाही पसंत पडली. खालानं शेजारचं दार वाजवलं. साखळी न काढता फटीतून एका बाईनं पाण्याची बाटली बाहेर सरकवली आणि दार लावून घेतलं. खालानं बाटली तशीच दाराशी ठेवली आणि म्हणाली, "चला."

हे खाली आल्यावर चिडले. "खाला, पान्यावरून कुठं घर ठरवत्यात? आता रमजान लागंल, मग ईदच."

"तू दिवसभर कामावर जानार," ती म्हणाली. "ही मुकी पोरगी त्या बंद दाराशेजारी दिवस काढनार. वेडी व्हईल."

घरी येऊन मी त्या खिडकीसाठी खूप रडले.

मग रमजान लागला. खाला रोजे धरायची, तरी दुपारची माझ्याबरोबर यायची. ईद अगदी जवळ आली तेव्हा एक जुनी इमारत बघायला गेलो. लिफ्ट बंद. खाला जिन्यात दर मजल्यावर बसत बसत चढली. वर एक लहानशी खोली, स्वयंपाकघर शेजारच्या बिऱ्हाडाबरोबर एकत्र. मी खालाकडं बघितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"आज तू माग," ती म्हणाली.

"मी?"

"माझा रोजा हाय. मी पानी मागून काय करू, वतून देऊ? खोटं मागनं माझ्यानं व्हनार न्हाई. आन् ऱ्हायचं तुला हाय."

मी आजवर दुकानात साधं मीठ मागितलं नव्हतं, आणि इथं रमजानच्या भर दुपारी, रोजा असेल अशा घरात पाणी मागायचं. मी खूप वेळ त्या दारासमोर उभी राहिले. खाला हलली नाही. शेवटी सोनीनंच दारावर थाप मारली.

दार उघडलं ती बंगाली बाई होती, बांगलादेशची. दोन्ही हात पिठानं भरलेले. मी खाली बघत कसंबसं म्हटलं, "पानी." तिनं माझ्याकडं बघितलं, सोनीकडं बघितलं, आणि कोपरात माझा दंड अडकवून मला आत ओढलं. दार लावून घेतलं, रमजानात दिवसा पाणी पिताना कुणी बघून काही बोलू नये म्हणून. हात धुतले, ग्लास धुतला, मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. तिचे ओठ उपासानं सुकलेले होते आणि ती माझं पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी होती. मग एका वाटीत काहीतरी घालून तिनं सोनीपुढं ठेवलं. बघते तर चुरमुरे. काष्टीच्या बाजारातून सासरे आणायचे तसेच. सोनी मूठ भरून खायला लागली.

बाहेर आले तर खालानं काही विचारलं नाही. माझ्या तोंडाकडं बघून माणसाला म्हणाली, "लेते हैं."

त्या खोलीत आम्ही गावी परत येईपर्यंत राहिलो. सोनी तिथंच शाळेत जायला लागली. बंगाली वहिनीची भाषा मला कधी नीट आली नाही, पण सोनीला कांजिण्या आल्या तेव्हा तिच्या उशाशी आम्ही दोघी बसलो होतो. निघताना खाला विमानतळावर आली नाही. म्हणाली, "मला जानारी मानसं बघवत न्हाईत. नगरला भेटू. हितं आपून समदे भाड्याचे. नगरला गेले की मग घर."

आम्ही नगरच्या केडगावला घर केलं. ह्यांनी फ्रीज दुरुस्तीचं दुकान टाकलं. काही वर्षांनी खालाचे मिया वारले, मुलगा तिकडंच राहिला आणि खाला एकटी परत आली. भिंगारचं घर दिरांमध्ये वाटलं गेलं होतं, तिच्या वाट्याला काही उरलं नव्हतं. ती नगरमध्ये भाड्याची खोली शोधत होती. फोनवर हसत सांगायची, "नाव विचारत्यात, आन् मग खोली गेली म्हनत्यात. शारजासारखंच हाय बघ." पण ते तिचं नेहमीचं हसणं नव्हतं.

आमच्या शेजारच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. मालक म्हातारे अण्णा, आमच्या मागच्याच गल्लीत राहायचे. ह्यांना म्हटलं तुम्ही विचारा, तर हे म्हणाले, विचारतो. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी चपला घातल्या आणि एकटीच गेले.

"माझ्या खालाला खोल्या पायजेत, अण्णा."

"खाला म्हंजी?"

"मावशी."

"तुझी मावशी?"

"व्हय," मी म्हटलं. "सख्खी."

मी त्यांच्या दारातून हलले नाही. शेवटी अण्णा म्हणाले, "बघून जाऊ दे म्हनावं."

ती आली त्या दिवशी मी सकाळपासून गल्लीकडं डोळे लावून होते. रिक्षा थांबली, खाला उतरली. थकली होती, काठी आली होती. मी पुढं धावले तर तिनं हातानंच मला थांबवलं, जशी ओळखच नाही. मी परत घरात आले. अण्णा कुलूप काढत होते. तेवढ्यात माझं दार वाजलं.

"बाई," ती म्हणाली, "थोडं पानी मिळंल का?"

मी तांब्या घासून ठेवलेलाच होता. बशीत गुळाचा खडा ठेवला. हात धरून तिला आत घेतलं. ती सगळं पाणी प्याली, गूळ चघळत बाहेर गेली आणि अण्णांना म्हणाली, "शेजार चांगला हाय. घेते."

खाला शेवटपर्यंत त्या खोल्यांत राहिली. मधल्या भिंतीवर तिनं तीनदा थाप मारली की चहा टाकायचा, असं आमचं ठरलेलं होतं. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी थाप आली नाही.

खोल्या परत रिकाम्या आहेत. माणसं बघायला येतात. नळ सोडून बघतात, पंखा लावून बघतात. माझं दार कुणी वाजवत नाही. परवा एक पोरगी आली होती, कडेवर मूल, नवरा अण्णांशी बोलत होता आणि ही त्याच्या मागं तोंडाला पदर लावून उभी. मी तांब्या भरला, बशीत गूळ घेतला आणि आपणहून बाहेर गेले.