सर्व्हरवर रुमाल

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. पावसाळ्यात शाळेच्या दारात छत्र्या साचतात, तसे ते आपोआप साचतात. आमच्या शिक्षण संस्थेत तर एकट्या सर्व्हरने इतके जमवलेत की स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, तो कदम सरांचा सांगा ना!"

सांगते. पण आधी ओळख करून द्यायला हवी.

संस्थेचं ऑफिस महाडला. शाळा महाड, पोलादपूर आणि वरंधला. मी कॉम्प्युटर शिकवते, आणि कोणाचं काही अडलं की बोलणीही मीच खाते. सगळं ऑफिसकाम एकाच मोठ्या कॉम्प्युटरवर चालतं, तो म्हणजे सर्व्हर. पोलादपूरच्या क्लार्क शिंदेबाई तिथे बसून महाडच्या सर्व्हरवर पत्र टाईप करतात.

हा सर्व्हर राहतो तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारी. पुण्याहून आलेला एक सॉफ्टवेअर-विक्रेता जिने चढून धापा टाकत म्हणाला, "अहो, सर्व्हर इतक्या वर कोण ठेवतं?" आमचे हेडक्लार्क सुर्वे नाना त्याला खाली घेऊन गेले आणि भिंतीवरची पुराची खूण दाखवली. खूण त्याच्या डोक्याच्या वर होती.

"आता बोला!" नाना म्हणाले. तो पुन्हा जिने चढला.

*

सर्व्हर असा जपलेला, पण त्याच्यावरचं ऑफिसचं सॉफ्टवेअर चोरीचं! पत्र टाईप करायला घेतलं की पडद्याच्या वरच्या बाजूला लाल पट्टी यायची: 'ही प्रत अस्सल नाही.'

शिंदेबाईंना ती पट्टी बघवेना. त्यांनी मॉनिटरवर नेमकं त्या जागी गणपतीचं स्टिकर चिकटवलं. मी पोलादपूरला गेले तेव्हा विचारलं, "बाई, हे काय?"

"विघ्न दिसत नाय ना आता? मग झालं तर!"

*

मग एमआयडीसीतल्या एका कंपनीचं पत्र आलं. वरंधच्या शाळेला ते कॉम्प्युटर देणार होते. अट एकच. संस्थेतलं सगळं सॉफ्टवेअर परवान्याचं आहे असं हमीपत्र हवं, खाली हेडक्लार्कची सही, आणि कंपनीचं माणूस येऊन स्वतः बघणार.

वरंधला कॉम्प्युटरची खोली केव्हाची तयार आहे. वायरिंग झालंय, टेबलं आलीत, दारावर पाटीसुद्धा लागलीय. फक्त कॉम्प्युटर नाहीत. मी आठवड्यातून एकदा शिकवायला जाते तेव्हा मुली पुठ्ठ्यावर काढलेल्या कीबोर्डवर बोटं फिरवतात. एकीचा पुठ्ठा पावसात भिजला, तर ती म्हणाली, "मॅडम, माझा कीबोर्ड खराब झालाय, दुरुस्तीला टाकलाय!" वर्ग हसला, मीही हसले. मग तिला नवा पुठ्ठा आखून दिला.

आमचे चेअरमन, म्हणजे भाऊ, म्हणाले, "नाना, मारा सही. कोण बघतंय?"

नाना मूळचे वरंधचेच. कॉम्प्युटर सगळ्यांत जास्त त्यांनाच हवे होते. तरी त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"भाऊ, खोटं बोललो म्हणून त्या शाळेत छड्या खाल्ल्यात मी. आता त्याच शाळेसाठी खोटी सही? नाय जमायचं!"

*

भाऊंना मुळात काही चुकलंय असंच वाटत नव्हतं. "चोरीचं कसं? दुकानातून रोख पैसे देऊन घेतलंय! पक्कं बिल आहे!"

कपाट उपसून बिल काढलं. बाजारपेठेतल्या त्या दुकानदाराने अगदी प्रामाणिकपणे, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'ऑफिस, एक नग, ओरिजिनलसारखे.'

*

भाऊ हार मानणारे नव्हेत. आठवड्याभरात पुतण्यासाठी घेतलेला, सॉफ्टवेअरचा अस्सल, सीलबंद डबा घेऊन आले. एका माणसाने घरच्या कॉम्प्युटरवर वापरायचा. मी म्हटलं, "भाऊ, हा सर्व्हरवर चालणार नाही." म्हणाले, "लावून तर बघा!" लावला. सर्व्हरने सरळ नकार दिला. जिथे खूप लोक एकत्र काम करतात, तिथे ही प्रत चालत नाही म्हणे.

भाऊ चिडले. "हा काय न्याय? घरात एक गॅसचं कनेक्शन घेतलं की अख्खं घर जेवतं!"

"घर जेवतं भाऊ," नाना शांतपणे म्हणाले. "गावजेवण नाय घालता येत त्याच्यावर!"

*

आता कदम सरांचा.

मघाचा पुण्याचा विक्रेता सर्व्हरसमोर बसला. परवाना माणसागणिक घ्यायचा की मशीनगणिक, हे त्याला ठरवायचं होतं. त्यासाठी सर्व्हर कोण कोण वापरतं ते बघत होता. बघता बघता त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे कदम सर कोण? फार कामाचा माणूस दिसतोय. सकाळपासून महाडलाही आहेत आणि पोलादपूरलाही आहेत!"

खोलीत कोणी कोणाकडे बघेना. कदम सरांचा पासवर्ड लक्षात ठेवायला सोपा, त्यामुळे अर्धी संस्था त्यांच्याच नावाने आत शिरायची.

"जरा बोलावता का त्यांना?"

"नाय येणार," नाना म्हणाले. "ते गेल्या वर्षी वारले."

विक्रेता पांढरा पडला. नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पण तेव्हापासून एक सुट्टी घेतली नाय हो त्यांनी!"

त्या दिवशी मी प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड दिला आणि सरांचं नाव काढून टाकलं. बटण दाबताना हात जरा थांबला. फार चांगले होते कदम सर. नाना मागे उभे होते. म्हणाले, "काढ गो बाय. आता तरी रिटायर होऊदे त्यांना."

*

विक्रेत्याचे दर ऐकून भाऊंनी पाणी मागवलं. तेव्हा मी सांगितलं की फुकट मिळणारंही सॉफ्टवेअर आहे, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे.

"फुकट?" भाऊंनी चष्मा काढला. "कोण देतं?"

"जगभरची माणसं मिळून बनवतात आणि सगळ्यांना देतात."

"आणि एक रुपया घेत नाहीत?"

"नाही."

भाऊ नानांच्या कानाशी वाकले. "नाना, हे नक्की चोरीचं आहे!"

तरी लावून बघितलं. पत्रं छान झाली, शिक्षक खूश. पण नानांच्या जुन्या निकालपत्रकातली आपोआप होणारी गणितं त्यात गडबडली आणि पोलादपूरला पहिली आलेली मुलगी नापास झाली! शिंदेबाईंचा फोन आला, "मॅडम, नापास पोरं पास झाली असती ना, तर मी तोंड उघडलं नसतं!"

शेवटी मधला मार्ग निघाला. शिक्षकांना फुकटवालं, आणि ऑफिसच्या कामाला रीतसर विकत घेतलेलं. माणूस कोणीही असो, मशीन कुठलंही असो, एका वेळी आत दहा जण, असा परवाना.

*

आणि इथून रुमाल सुरू झाले.

चोरीचं सॉफ्टवेअर म्हणजे वडापची जीप. कितीही कोंबा, मागे चार लटकवा, ती निघणारच. नवीन मात्र शिस्तीचं. दहा माणसं बसली की अकराव्याला पडद्यावर ठणकावून सांगायचं: 'जागा शिल्लक नाही.'

एकदा मी पाहिलं, शिंदेबाईंच्या नावाने एक पान सकाळपासून उघडं. पानावर एकच शब्द: 'आहे'. फोन केला, "बाई, काम करत नाही तर बाहेर पडा ना! इथे लोक खोळंबलेत."

"अहो मॅडम, दाखले लिहायचेत मला नंतर. रुमाल टाकलाय!"

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी आम्ही माणसं! ही युक्ती पसरायला वेळ लागला नाही. महाडचे माळी क्लार्क एक पान स्वतःचं उघडायचे आणि शेजारच्या मशीनवर दुसरं सहकाऱ्याचं, तो वीर स्टेशनवरून रिक्षाने पोचेपर्यंत. नानांनी फळ्यावर लिहिलं, 'काम झाले की उतरावे.' खाली कोणीतरी खडूने लिहिलं, 'उतरलो की चढता येत नाही.'

*

नानांनी अखेर हमीपत्रावर सही केली. इतकी सावकाश, इतकी वळणदार सही मी आयुष्यात पाहिली नाही.

मग कंपनीच्या मॅडम आल्या. हसू नाही, चहा नको. परवान्याचे कागद पुढे केले, तर बाजूला सारले.

"कागद कोणीही छापतं. मला सॉफ्टवेअर चालू करून दाखवा. एक पत्र उघडा."

भाऊ खुर्चीच्या कडेवर बसले. नानांनी स्वतःचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला.

'जागा शिल्लक नाही.'

नानांनी पुन्हा टाकलं. 'जागा शिल्लक नाही.' भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मला तो पुठ्ठ्याचा कीबोर्ड दिसायला लागला. मी कोपऱ्यात जाऊन पोलादपूरला फोन लावला. "बाई, पाया पडते, रुमाल उचला! कंपनीच्या मॅडम समोर बसल्यात!"

"उतरते, उतरते! एवढा दाखला सेव्ह करते, फोन ठेवू नका."

इकडे मॅडम पडद्यावर वाकल्या. "हे काय आहे?"

नानांना खोटं सुचतच नाही, त्याला काय करणार! "मॅडम, दहा जणांचं लायसन हाय. दहा जण बसलेत. मी अकरावा."

"तुम्ही हेडक्लार्क ना? तुम्हाला पण घेत नाही?"

"नाय."

"आणि चेअरमनसाहेबांना?"

"त्यांना पण नाय."

मॅडमनी पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली. मग पहिल्यांदाच हसल्या. "मी कितीतरी ऑफिसं तपासली. सगळीकडे पहिल्या झटक्यात आत! चोरीचं कोणाला अडवतंय?" त्यांनी पेन बंद केलं आणि पर्स उचलली. "चला, वरंधची खोली दाखवा. कॉम्प्युटर कुठल्या दिवशी पाठवू?"

तेवढ्यात माझ्या हातातला फोन ओरडला. "हॅलो मॅडम! झालं सेव्ह! उतरू ना?"

नानांनी झडप घालून फोन घेतला.

"बसा बाई! आज कोणी उतरायचं नाय!"