काकांच्या मेंदूतल्या नव्या पेशी

मंडळी, पेणच्या सायबर कॅफेतून घाईत लिहितोय. हाताला अजून शाडू चिकटलेला आहे.

हमरापूरला माझ्या काकांचा गणपतींचा कारखाना. रंग फवारायचं मशीन आणून वर्ष झालं, पण काका हात लावत नाहीत. "ह्या वयात नवीन शिकाया नाय जमत." त्यामुळे सगळी फवारणी काकीच्या गळ्यात.

आज सकाळी मी पेपरातला शोध ऐटीत वाचून दाखवला. म्हातारपणीही मेंदूत नव्या पेशी तयार होतात!

काकीने लगेच मशीन पुढे सरकवलं. "ऐकलंत ना? उचला आता."

काकांनी ओल्या मूर्तीकडे बोट दाखवलं. "नव्या पेशी म्हंजे ओल्याच असणार गो. ओल्यावर रंग धरत नाय, तर शिकवण काय धरेल? आधी वाळू दे."

शास्त्रवाल्या मित्रांनो, ताबडतोब कळवा. पावसाळ्यात मेंदू वाळायला किती दिवस लागतात? काकी तिकडे कारखान्यात उत्तराची वाट बघतेय, भरलेलं मशीन हातात धरून.