सोमवारचा घाम

आष्टीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "खोली कुठंही घ्या सर, पण जेवण वच्छलाबाईकडे लावा."

मी मूळचा अल्लीपूरचा. नाव अश्वजित, पण इथे मला सगळे सरच म्हणतात. घर सोडून राहायची माझी ती पहिलीच वेळ. संध्याकाळी वच्छलाबाईंच्या दारात उभा राहिलो तर आतून आवाज आला, "चपला तिकडं ठेवा, हात धुवा, बसा. नाव-गाव मंग सांगजा."

घराची पुढची खोली म्हणजे मेस. चार चटया, पाण्याचा माठ, भिंतीवर एक कॅलेंडर. रोजची वीस-पंचवीस माणसं जेवत. शिक्षक, बँकेतले दोघे, पोस्टमन, दवाखान्यातल्या नर्सबाई. वच्छलाबाई तेव्हा अठ्ठावन्नच्या असतील. ठेंगणी, सावळी, कपाळावर मोठं कुंकू, आणि बोलण्यात सतत कोणाला तरी रागावल्याचा सूर. पोस्टमनला भाकर कडक लागते, नर्सबाईंना वांगं चालत नाही, मला वरणात लसूण जास्त हवा, हे सगळं त्यांना पाठ. दुसरी पोळी नको म्हटलं की त्या म्हणायच्या, "काऊन? काल रात्री कोणी मारलं का तुमाले?"

मेस सुरू झाली त्याचीही गंमत आहे. बावीस वर्षांपूर्वी शेजारी एक बँकेचा साहेब राहायचा. बायको बाळंतपणाला माहेरी गेली तर हा गडी आठ दिवस चिवड्यावर. वच्छलाबाईंना ते बघवेना. त्यांनी एक ताट नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी त्यानं दोस्ताला आणलं. ते दोघं पुढे बदलून गेले, पण ताटं वाढतच गेली.

घरात त्या धरून माणसं तीन. यजमान डोमाजी, यांचं बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान, गावातल्या अर्ध्या पोरांचे गणवेश त्यांच्या हातचे. सून मयुरी, बारावी सायन्स झालेली, हुशार, कमी बोलणारी. मुलगा धर्मेंद्र नागपूरला कंपनीत, रविवारी यायचा.

पंचवीस जणांना आग्रह करणारी ही बाई स्वतः कधी जेवते ते मात्र कोणी पाहिलं नव्हतं. शेवटची पंगत साडेनऊला उठायची. मग उभ्या उभ्याच दोन घास. सोमवारी आणि गुरुवारी तेही नाही. सोमवार धर्मेंद्रसाठी धरलेला, तो पोटात होता तेव्हापासूनचा. गुरुवार डोमाजींच्या एका आजारपणात बोललेला. ते बरे झाले, गुरुवार राहिला. उपासाला दिवसभर बिनसाखरेचा चहा, मूठभर फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे, बस. चहा बिनसाखरेचा, कारण चार वर्षांपूर्वी त्यांना शुगर निघाली होती.

गोळ्यांच्या बाबतीतही त्या देवासारख्याच नेमाच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तपासणीत शुगर वाढलेली दिसली. ज्या डॉक्टरांकडे त्या जायच्या त्यांनी विचारलं, "जेवण वेळेवर आहे ना?" मेस चालवणारी बाई नाही कसं म्हणणार? त्या म्हणाल्या, "हाव, दोन टाइम." डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी जास्त ताकदीची दिली.

आणि मग घाम सुरू झाला.

हे सगळं मला पुढे वच्छलाबाईंनीच सांगितलं, वरण वाढता वाढता, तुकड्या-तुकड्यांत. डिसेंबर होता. आष्टीत पहाटे दात वाजतात अशी थंडी. अशा थंडीत त्यांना रात्री तीनच्या सुमाराला जाग यायची ती घामानं निथळत. पोलकं पाठीला चिकटलेलं, उशी ओली, गोधडी ओली. छातीत धडधड, हाताला थरथर, आणि कसलं तरी वाईट स्वप्न अर्धवट आठवणारं. बाजूला डोमाजी घोरत असायचे. त्यांच्या कानाशी मशीन चालवली तरी ते उठणारे नव्हेत. वच्छलाबाई अंधारातच लुगडं बदलायच्या, अंथरुणावर कोरडी चादर टाकायच्या आणि मयुरी उठायच्या आत ओले कपडे धुऊन मागच्या दोरीवर टाकायच्या.

कोणाला सांगितलं नाही. त्याला कारण होतं.

तीस वर्षांपूर्वी त्यांची मोठी बहीण रुख्मिणी टीबीनं गेली. शेवटचे तीन महिने वच्छलाबाई तिच्या उशाशी होत्या. रोज रात्री तिचं घामानं भिजलेलं अंग त्यांनी पुसलं होतं. त्यामुळे त्यांच्या डोक्यात एकच हिशेब पक्का होता. थंडीतला रात्रीचा घाम म्हणजे टीबी. आणि टीबी म्हटलं की मेस संपली. "माह्या हातचं कोण खाईन मंग?"

त्यांनी काय केलं, तर फडताळातून एक जुनी जर्मनची ताटली काढली आणि स्वतःपुरती वेगळी केली. पाण्याचा गिलासही वेगळा. मयुरी भांडी घासायला बसली की ती ताटली त्या तिच्या हातातून काढून घ्यायच्या. "राहू दे, मी घासतो." मयुरीच्या जवळ बसेनात. भाजी चाखून बघेनात, तिलाच चाखायला सांगायच्या.

मयुरीला त्याचा वेगळाच अर्थ लागला. सासू आपल्यावर रागावली, आपला हात लागलेला तिला चालत नाही. तिनं धर्मेंद्रला फोनवर सांगितलं, "आईचं काहीतरी बिनसलं माह्यावर." तो म्हणाला, "तिचा सूरच तसा हाय." पंधरा-वीस दिवस दोघी एका चुलीपाशी, पण एकीच्या मनात भीती आणि दुसरीच्या मनात दुखावलेपण. बोलली कोणीच नाही.

एका मंगळवारी पहाटे पाच वाजता मयुरी चहा करून मागच्या अंगणात घेऊन गेली आणि कप हातात घेऊनच स्वयंपाकघरात परतली. वच्छलाबाई गॅसपुढं बसलेल्या. समोर परातीत कणीक, तिच्यात पाणी इतकं की तिची खीर झालेली. लुगडं ओलं, कपाळावरून घाम ओघळतोय, नजर भलतीकडेच.

"आई, काय झालं?"

वच्छलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "रुख्मिणी, पाणी आण वो माय."

मयुरी घाबरली. पण ओरडत बसली नाही. सासूला भिंतीला टेकवलं, गिळता येतं का ते बघायला दोन थेंब पाणी दिलं, आणि पाणी नीट गिळलं तसा हातातला कपच तिच्या ओठाला लावला. तो कप मयुरीचा होता. तिला चहा गोडमिट्ट लागतो, तीन चमचे साखरेचा.

दहा-पंधरा मिनिटं गेली. घाम थांबला. वच्छलाबाईंनी परातीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हे कणकीचं काय करून ठेवलं कोणी?"

"तुमीच, आई."

मग त्या रडायला लागल्या. ताटली, गिलास, घाम, रुख्मिणी, सगळं एका दमात बाहेर आलं. "तू दूर राय माह्यापासून, पोरी. तुले नको लागायले."

मयुरीनं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर सासूच्या गळ्यात पडली. "मले वाटलं तुमी माह्यावर रागावल्या. आन तुमी मले वाचवून राह्यल्या होत्या?"

त्या दुपारी मी जेवायला गेलो तर दाराला कडी. बावीस वर्षांत पहिल्यांदा मेस बंद. पोस्टमन आणि मी पायरीवर बसून राहिलो. शेवटी स्टँडवर जाऊन आलूबोंडे खाल्ले.

सासू-सून सरकारी दवाखान्यात होत्या. तिथल्या डॉक्टर दिपाली मॅडम, वयानं तिशीच्या आतबाहेर. वच्छलाबाईंनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मॅडम, मले टीबी हाय. फक्त मेसवाल्यांले सांगू नका."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टीबी आहे की नाही ते तपासूनच सांगू. थुंकी तपासायला देऊ, छातीचा फोटो काढू. असेल तर औषध आहे, आता लोक पूर्ण बरे होतात. पण मला आधी सांगा, खोकला आहे? ताप? वजन उतरलं?"

तिन्हीचं उत्तर 'नाही' असंच होतं.

"रात्रीचा घाम बऱ्याच कारणांनी येतो, काकू. जाड पांघरूण, बंद खोली, तेवढ्यानंही येतो. पाळी जाताना बायकांना वर्षानुवर्षं येतो. थायरॉइडनं येतो, तापानं येतो, काही गोळ्यांनीही येतो. अंथरूण बदलावं लागेल इतका घाम वारंवार यायला लागला तर लपवायचं नाही, दाखवायचं. तुमची पाळी कधी गेली?"

"झाले आठ-धा वर्सं. तवाबी घाम येत होता, पण असा नाई. तो आला तसा जायचा. हा तर जीवच घेऊन राह्यला."

मग मॅडमनी गोळ्यांची पाकिटं मागितली. बघितली आणि विचारलं, "आज सकाळी बऱ्या कशानं झालात?"

वच्छलाबाईंना काहीच आठवत नव्हतं. मयुरी म्हणाली, "चहा दिला मी. माह्याच कपातला. गोड होता."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "किती गोड?"

"तीन चमचे."

"आणि काल रात्री काय जेवल्या?"

"काल सोमवार होता," मयुरी म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. तिच्या डोळ्यापुढं मागची दोरी आली. जादाचं लुगडं दोरीवर कधी दिसायचं? मंगळवारी. शुक्रवारी. मधे एकदा बुधवारी दिसलं होतं, तेव्हा आदल्या दिवशी एकादशी होती. "मॅडम, उपासाच्याच रात्री येते घाम. बाकीच्या दिवशी नाई येत."

"ही संध्याकाळची गोळी शुगर खाली आणते," मॅडम वच्छलाबाईंना म्हणाल्या. "पोटात अन्न असेल तर ठीक. पोट रिकामं असेल तर ती शुगर पार खाली ओढून नेते. मग शरीर घाबरतं, घाम फोडतं, छाती धडधडते. अजून खाली गेली की माणूस भ्रमतो. सकाळी तेच झालं. सुनेनं चहा दिला नसता तर मोठा घोळ झाला असता."

दोन दिवसांनी टीबीच्या तपासण्या स्वच्छ आल्या. थायरॉइडही ठीक. मॅडमनी संध्याकाळची गोळी बदलून हलकी दिली, रात्री आठच्या आत जेवायला सांगितलं आणि मयुरीला शुगर मोजायचं छोटं मशीन वापरायला शिकवलं. घामानं जाग आली तर आधी बोट टोचून बघायचं, सत्तरच्या खाली असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग काहीतरी खायचं. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण वच्छलाबाई सहज ऐकणाऱ्यातल्या नाहीत. त्याच गुरुवारी त्यांनी सगळ्यांसमोर ताट वाढून घेतलं आणि ते गुपचूप गायीला घातलं. पहाटे घाम फुटला. या वेळी मयुरी त्यांच्याच खोलीत झोपली होती. मशीननं अठ्ठावन्न दाखवलं. साखरपाणी दिलं, अर्ध्या तासात आकडा वर आला. डोमाजींनाही तिनं हलवून उठवलं होतं.

"आई, उपास केला ना?"

"उपास नाई केला. फक्त जेवली नाई."

डोमाजी सहसा काही बोलत नाहीत. त्या पहाटे ते अंथरुणात उठून बसले आणि म्हणाले, "गुरुवार माह्यासाठी धरला होता ना तू? मंग मी सोडतो तो. माह्या नावाचा हाय, माह्या मर्जीनं सुटला. देवाले मी सांगतो."

गुरुवार तिथंच सुटला. सोमवारचं मात्र त्यांनी मॅडमशी भांडून ठरवून घेतलं. सोमवारी भगर, दाण्याची आमटी आणि दही, पोटभर, तेही पहिल्या पंगतीच्या आधी. वरून मॅडमनी सांगितलं तशी त्या दिवशीची गोळी. "महादेव भोळा हाय," त्या मला म्हणाल्या, "तो समजून घेते. गुरुवारवाल्याचीच मले भीती होती, पण ते आमच्या यायनं आंगावर घेतलं."

महिनाभरात घाम बंद झाला. फेब्रुवारीत एकदा पुन्हा आला तेव्हा त्या भल्या पहाटे मशीन घेऊन बसल्या. शुगर एकशे दहा. मग लक्षात आलं की थंडी सरली तरी अंगावर दोन गोधड्या आणि खिडकी बंद. एक गोधडी काढली, खिडकी उघडली, विषय संपला. नर्सबाईंना हे सांगताना त्यांचा थाट असा, जणू एखादा मोठा रोग त्यांनीच शोधून काढला.

आता मेसमध्ये कोणी नुसतं म्हणायचा अवकाश, "काल रात्री लय घाम आला," की वच्छलाबाई हातातली पळी थांबवून चौकशी सुरू करतात. ताप होता का, गोळी कोणती घेता, जेवला होता का. पोस्टमनला तर त्यांनी अशीच चौकशी करून मॅडमकडे पाठवलं आणि त्याला थायरॉइड निघाला.

परवा समुद्रपूरला त्यांच्या भाचीचं लग्न होतं. डोमाजी, मयुरी आणि त्या, तिघंही तीन मुक्काम राहून आले. तीन दिवस आम्ही सगळे पुन्हा आलूबोंड्यांवर. चौथ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर चटया टाकलेल्या, वच्छलाबाई पोळ्या लाटत होत्या आणि तोंड चालूच होतं.

"कसं झालं लग्न?" मी विचारलं.

"पोरगा चांगला हाय. झोप तर अशी लागली मले त्या मांडवात, सकाळी पोरीयनं हलवून उठवलं." मग त्यांनी लाटणं थांबवलं आणि आवाज खाली आणला. "पण सर, सैपाक! वरणाले फोडणीच नाई. चारशे माणूस जेवलं, कोणालेच कसं नाई समजलं बाप्पा?"