पाच टनी सवत

माझ्या नवऱ्याचं पहिलं प्रेम विलायतेत जन्मलं, कोल्हापुरात वाढलं आणि एका खेपेला पाच टन गूळ वाहत होतं.

लॉरी होती ती. माझ्या सासऱ्यांचा (त्यांना सगळे भाऊ म्हणत) कोल्हापूरला मालवाहतुकीचा धंदा होता. ब्रिटिश बनावटीच्या तीन लॉऱ्या, गुळाच्या ढेपा आणि घाटाचा रस्ता, एवढाच संसार. त्या कुठल्या कंपनीच्या होत्या ते मी मुद्दामच लिहीत नाही. एका कंपनीचं नाव घेतलं की दुसऱ्या कंपनीचे भक्त भांडायला उठतात, हे मी आमच्याच हॉलमध्ये पाहिलंय! माझा नवरा मुकुंद या लॉऱ्यांत लहानाचा मोठा झाला. पुढे तो बोटीवर इंजिनिअर झाला, तीन मजली इंजिनं हाताळू लागला. पण गोल नाकाची, डोळे वटारलेली एखादी म्हातारी लॉरी दिसली की तो रस्त्यातच थांबून तिच्या बॉनेटवरून हात फिरवायचा. मधुचंद्राला आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. सूर्य बुडत होता, गार वारा होता, मुकुंदनं माझा हात हातात घेतला.

"स्मिता, एक सांगू?"

"सांग ना," मी लाजून म्हणाले.

"घाटात गिअर बदलताना भाऊ दोनदा क्लच दाबायचे."

लाजणं मी त्या दिवसापासून सोडून दिलं.

नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापुरात होतो, सेरंगूनला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये. आम्ही म्हणजे मी आणि आमची सात वर्षांची जाई. मुकुंद बोटीवर. तो घरी यायचा, जाईला त्याची सवय व्हायची, की हा बॅग भरायला घ्यायचा. अशात त्याच्याच बोटीच्या कंपनीत त्याला सिंगापूरच्या बंदरावर नोकरी चालून आली. रोज संध्याकाळी घरी येणारा नवरा! मला आभाळ ठेंगणं झालं. मी मरीन परेडला मोठा फ्लॅट बघून ठेवला, पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले.

"आधी आई काय म्हणते ते बघू," मुकुंद म्हणाला. (वादळात बोट सांभाळणारा माणूस हा!)

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गृहप्रवेशासाठी कोल्हापूरहून आल्या. मुकुंद बोटीवर असला की निदान सुट्टीत कोल्हापूरला यायचा. इथं कायमचा रुजला तर आपल्याला विसरेल, अशी त्यांना धास्ती असावी, असा माझा संशय. त्यांनी पंचांग काढलं आणि निकाल दिला.

"रविवारी सकाळी अकराच्या आत देव नव्या घरात गेले, तर घे इथली नोकरी. मुहूर्त चुकला तर देवाच्या मनात नाही म्हणून समज, आणि मुकाट्यानं बोटीवर जा."

"बरं, आई," मुकुंद म्हणाला. माझ्या संसाराचा फैसला झाला, आणि मला कोणी विचारलंही नाही!

सामान हलवायला चांगली नवी जपानी लॉरी ठरव, असं मी त्याला बजावलं होतं. तो गेला आणि तासाभरानं डोळ्यांत पाणी घेऊन परत आला. अंकल सेंग नावाच्या एका म्हाताऱ्या चिनी गृहस्थांची मालवाहतुकीची कंपनी होती. त्यांच्या आवारात नव्या लॉऱ्यांच्या मागे, ताडपत्रीखाली, एक ब्रिटिश लॉरी निघाली. इंग्रज सिंगापुरातून गेले ते हिला इथंच टाकून. अंकल सेंगनी तिला लेकीसारखं सांभाळलं होतं आणि खास परवानगी काढून ते तिला अधूनमधून रस्त्यावर फिरवून आणत.

"अरे, पण चालते का ती?"

"चालते? अगं, गाते!"

मी अंकल सेंगना फोन केला. ते वाक्यामागे 'ला' जोडणाऱ्या तिथल्या इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, डोन्ट वरी. शी व्हेरी ओल्ड, बट व्हेरी स्ट्राँग. लाइक युवर मदर-इन-लॉ, ला!"

मी फोन ठेवला.

मग मी विचार केला, लॉरी यायचीच आहे तर तिच्यामार्फतच सासूबाईंची मर्जी संपादन करावी. शनिवारी लिटिल इंडियात जाऊन झेंडूच्या माळा आणल्या. एक नाही, दोन नाही, टोपलीभर! रविवारी सकाळी लॉरी दारात आली आणि मी पदर खोचला. बंपरला माळा, दिव्यांना माळा, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, चाकांखाली लिंबं. सासूबाई खाली आल्या, त्यांनी लॉरीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "झकास सजवलीस की गं!"

लग्नानंतर त्यांच्या तोंडून मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्रक! माझ्या अंगात वारं शिरलं. उरलेल्या सगळ्या माळा मी लॉरीच्या नाकावरच्या जाळीवर एकीवर एक गच्च बांधल्या. वर एक हिरवा खणही ताणून बसवला. मुंगी शिरायला जागा ठेवली नाही. मुकुंद मागे कपाट चढवता चढवता जाईला क्लचबद्दल सांगत होता. आणि अंकल सेंग? नवरीसारखी नटलेली आपली लॉरी बघून ते रुमालानं डोळे पुसत होते. म्हणजे ज्यांना कळायला हवं होतं, ते दोघंही कामातून गेलेले!

वरात निघाली. पुढे अंकल सेंग आणि मांडीवर देव्हारा घेतलेल्या सासूबाई. मागे सामानात आमच्याच सोफ्यावर मी, मुकुंद आणि जाई. मी पैठणी नेसले होते. बसस्टॉपवरचे लोक हात हलवत होते, मीही महाराणीसारखी हात हलवत होते. सगळं इतकं छान चाललं होतं, की मुकुंदनं ड्रायव्हरच्या केबिनची मागची काच वाजवून सांगितलं, "अंकल, ईस्ट कोस्टच्या बाजूनं घ्या. आईला समुद्र दाखवू."

समुद्र दिसायच्या आधी वास आला. कोणीतरी झेंडूची भाजी फोडणीला टाकलीय असा. मग फुस्स करून आवाज आला, पुढून वाफेचा लोट उठला आणि लॉरी दोन उचक्या देऊन थांबली. जाई उडी मारून पुढे धावली आणि तिथून ओरडली, "मम्मी! फ्लॉवर्स ऑल कुक्ड ऑलरेडी, ला!"

"रेडिएटरवर हे कोणी बांधलं?" मुकुंदनं विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आता तिथं उभी राहून मी कोणाकडे बघणार?

"अहो, पण मला काय माहीत?" (एरवी मी त्याला अरे-तुरे करते, सासूबाईंसमोर 'अहो'.)

"अगं, इंजिनाला हवा लागते! पुढून वारा नाही मिळाला तर रेडिएटर उकळणार नाही का?"

"मग सांगायचं नाही? लग्न झाल्यापासून क्लचचं ऐकतेय मी. रेडिएटरबद्दल एकदा तरी बोललात?"

आमच्या संसारात वाद जिंकण्याचा हा माझा दुर्मीळ प्रसंग, पण तो साजरा करायला वेळ नव्हता. घड्याळ अकराकडे निघालं होतं. "पाणी आणा!" मुकुंद ओरडला. सामानातली बादली घेऊन मी पैठणीसकट धावले, गुडघाभर समुद्रात शिरले आणि बादली भरून धापा टाकत परत आले.

मुकुंद रेडिएटरसमोर दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. "समुद्राचं खारं पाणी? पाप लागेल, स्मिता!"

"तुमच्या बोटींच्या इंजिनांना चालतं की!"

"त्यांना चालतं! हिला नाही!"

मी पुन्हा धावले, खाण्यापिण्याच्या टपऱ्या असतात त्या हॉकर सेंटरकडे. तिथल्या ज्यूसवाल्या बाईंनी ओल्या पैठणीतल्या मला आपादमस्तक न्याहाळलं आणि काही न विचारता नळ सोडला. परत आले तर मुकुंद टॅक्सी थांबवत होता. एक टॅक्सी थांबलीही! मला वाटलं, सुटलो. पण सासूबाई केबिनमधून हलेनात.

"एका गाडीत बसवलेले देव मधेच उतरवून दुसऱ्या गाडीत घालायचे नाहीत. भाऊंचा नियम होता."

"आई, मुहूर्त चाललाय!"

"चालू दे. नियम म्हणजे नियम."

टॅक्सी निघून गेली. मुकुंदचा पेजर वाजू लागला. नव्या फ्लॅटवर गुरुजी ताटकळत होते (सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटर, शनिवार-रविवार सत्यनारायण). मुकुंदनं घड्याळ बघितलं, अकराला जेमतेम दहा मिनिटं उरली होती, आणि तो फुटपाथवर बसला.

"संपलं, स्मिता. उद्या कंपनीला कळवतो. पुढच्या बोटीवर जातो."

मग मात्र मला रडू कोसळलं. खरंखुरं, आवाज करून. पडदे, रोजची संध्याकाळ, जाईला शाळेत सोडणारा बाप, सगळं मी माझ्या हातानं झेंडूत शिजवलं होतं. पदरानं डोळे पुसायला गेले, तर पदरातलं खारं पाणी डोळ्यांत गेलं आणि मी आणखी मोठ्यानं रडायला लागले!

अंकल सेंगना हे बघवेना. त्यांनी हाताला फडकं गुंडाळलं, सगळ्यांना लांब उभं केलं आणि रेडिएटरचं झाकण हळूहळू फिरवलं. आतून भस्सकन फेस उसळला आणि तांबूस पाणी लॉरीच्या नाकावरून, खणावरून, माळांवरून खाली ओघळलं.

"उतू गेलं!" केबिनमधून सासूबाई ओरडल्या.

"काय, आई?"

"अरे, उतू गेलं बघ की! मुहूर्तावर! नव्या घरात दूध उतू घालवतो की नाही आपण? हे गेलं बघ. पूर्वेकडंच तोंड हाय गाडीचं!"

"आई, ते दूध नाही. रेडिएटरचं पाणी आहे."

"गप रे. तुझ्या बापाच्या घरात दुधापेक्षा हेच जास्त वेळा उतू गेलं. त्याच्यावरच शिकलास, त्याच्यावरच बोटीत गेलास. स्मिता, तांदळाचं माप काढ!"

मी खोक्यांत हात घालून माप काढलं. सासूबाईंनी ते तांदळानं भरून लॉरीच्या पायरीवर ठेवलं. ओल्या पैठणीत, नाक ओढत, मी ते पायानं लवंडलं आणि केबिनमध्ये चढले. फुटपाथवर तांदूळ उडाले, साळुंक्या गोळा झाल्या, आणि अंकल सेंग टोपी काढून अदबीनं उभे राहिले. त्यांना काय वाटलं देव जाणे, पण लॉरीचं काहीतरी भलं होतंय एवढं त्यांना कळलं होतं.

मी सासूबाईंच्या शेजारी टेकले. त्या समोरच्या पत्र्यावरून हात फिरवत होत्या.

"अशीच होती गं आमची," त्या म्हणाल्या. "जन्मभर मी हिच्या हॉर्नकडं कान लावून बसले. आज येतील, उद्या येतील. तू नको बसूस तशी. मुकुंदा! आपलं घर म्हणजे ही गाडीच, देव घरात आले रे. धर इथली नोकरी."

मी त्यांच्या गळ्यातच पडले. त्यांनी मला थोपटलं आणि म्हणाल्या, "बास आता, लुगडं भिजलं माझं."

लॉरी निवली, दुपारी आम्ही मरीन परेडला पोचलो. गुरुजींनी तोवर नैवेद्यातला निम्मा शिरा संपवला होता, पण त्या दिवशी मला कशाचाही राग आला नसता. मुकुंदनं नोकरी घेतली. सासूबाईंनी मुक्काम वाढवला. माझ्या मनासारखं सगळं झालं.

फक्त एक झालं. त्या उकळण्यात लॉरीचं इंजिन थोडं दुखावलं होतं. "आपल्यामुळे झालंय, आपणच बघायला हवं," म्हणून मुकुंद रविवारी अंकल सेंगच्या आवारात जाऊ लागला. मग शनिवारीही. मग ऑफिस सुटल्यावर रोज. सासूबाई चहाचा थर्मास घेऊन सोबत. तो लॉरीखाली, त्या खुर्चीवर, अंकल सेंग स्टुलावर; सासूबाईंना आणि अंकल सेंगना एकमेकांची भाषा येत नाही, तरी तिघांच्या गप्पा संपत नाहीत! जाई आणि मी जेवून घेतो.

वर्षभरानं त्याच्या कंपनीतून फोन आला. तो लॉरीखाली असल्यामुळे मीच घेतला. एका बोटीवर इंजिनिअर आजारी पडलाय, दोन महिन्यांसाठी मुकुंदला पाठवलं तर घरची काही हरकत?

"हरकत कसली!" मी म्हणाले. "अवश्य पाठवा. परत आल्यावर सुट्टी मिळेल, म्हणजे तेवढा तरी घरी राहील!"